ओल, उधई आणि उंदीर : पुरानंतरचे खानदेशी घर

खानदेशाच्या इतिहासलेखनात दुष्काळाला जेवढी जागा मिळाली तेवढी पुराला मिळाली नाही, आणि पुराला जी मिळाली ती पाण्याने काय वाहून नेले याच्या मोजदादीपुरतीच राहिली. पाणी ओसरल्यावर जी घरे उभी उरली त्यांच्या भिंतींचे, त्यांत शिल्लक राहिलेल्या धान्याचे आणि पुढे महिनोन्‌महिने त्या घरांत ठाण मांडून बसलेल्या उंदीर-घुशी, वाळवी व धान्यकिडींचे काय झाले, हा प्रश्न सरकारी दप्तरांनी क्वचितच विचारला. वस्तुतः या प्रदेशातील मातीच्या घराची बांधणी, धान्य साठवण्याच्या रीती आणि सणांच्या निमित्ताने होणारी झाडलोट यांचा बराचसा भाग ओल व तिच्यामागून येणारी कीड यांना तोंड देता देता घडलेला आहे, आणि म्हणून पुरानंतरच्या काळाचा इतिहास कागदांपेक्षा घरांतच अधिक सापडतो. येथे पुरानंतरचा काळ म्हणजे पाणी ओसरल्याच्या दिवसापासून पुढच्या मृगाच्या पेरणीपर्यंतचा काळ असे समजावे, कारण शेतकरी कुटुंबाचे नुकसान त्या पेरणीपर्यंत वाढतच जाते.

१८१८ मध्ये इंग्रजी अंमल आल्यानंतर खानदेश हा धुळे येथे मुख्य ठाणे असलेला एकच मोठा जिल्हा होता. १९०६ मध्ये त्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले, जे पुढे अनुक्रमे जळगाव व धुळे या नावांनी ओळखले जाऊ लागले, आणि १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. या सगळ्या मुलखाचे पाणी तापीत जाते. बैतूल जिल्ह्यातील मुलताईजवळ उगम पावून सुमारे ७२४ किलोमीटर वाहणारी ही नदी खानदेशात खोल पात्रातून जाते, आणि तिचे काठ इतके उंच व घळींनी चिरलेले आहेत की शेतीला तिचे पाणी पूर्वी फारसे उचलता येत नसे. त्याच उंच काठांमुळे तापीच्या कडेची पुष्कळ गावे साधारण पुरापासून सुरक्षितही राहत. धोका मुख्यतः दोन प्रकारांनी येई. एक म्हणजे तापी फुगली की तिला मिळणाऱ्या नद्या-नाल्यांचे पाणी पुढे सरकेनासे होऊन मागे चढे, ज्याला फुगवटा म्हणतात. आणि दुसरा म्हणजे सह्याद्री, अजिंठा व सातपुडा यांच्या उतारांवरून येणाऱ्या गिरणा, पांझरा, बोरी, तितूर, अनेर यांसारख्या नद्या एका रात्रीत भरून येत. वर्षाकाठी सातशे मिलिमीटरच्या आसपास, आणि धुळ्याच्या बाजूला त्याहूनही कमी पाऊस पडणाऱ्या या प्रदेशात त्या पावसाचा मोठा हिस्सा मोजक्या दिवसांत कोसळतो, म्हणून दहा महिने कोरडी दिसणारी नदीच सर्वांत घातकी ठरत आली आहे.

मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा खानदेशावरील खंड १८८० मध्ये प्रसिद्ध झाला, आणि एकोणिसाव्या शतकातील पुरांची माहिती मुख्यतः अशा सरकारी संकलनांतूनच मिळते. त्यांनुसार १८२२ च्या तापीच्या पुरात ६५ गावे पूर्णतः आणि ५० गावे अंशतः नष्ट झाली व अडीच लाख रुपयांचे नुकसान झाले. इंग्रजी अंमलाची ती पहिलीच वर्षे होती. पेंढाऱ्यांच्या धाडींनी आणि भिल्लांशी चाललेल्या संघर्षाने अनेक गावे आधीच ओस पडली होती, आणि कॅप्टन जॉन ब्रिग्ज या पहिल्या इंग्रज अधिकाऱ्याने धुळ्याला नवी पेठ वसवून व्यापारी आणण्याचा प्रयत्न नुकताच सुरू केला होता. पन्नास वर्षांनी, सप्टेंबर १८७२ च्या मध्यास, गिरणा व पांझरा या दोन्ही नद्या एकदम चढल्या. एकट्या धुळे शहरात सुमारे ५०० घरे वाहून गेली, नदीपलीकडची एक वस्ती नाहीशी झाली, १५२ गावांचे नुकसान झाले आणि मालमत्तेच्या हानीचा अंदाज १६ लाख रुपयांवर गेला. सरकारी व खासगी मदतीवर हजारावर माणसे जगवावी लागली, अशीही नोंद आहे. त्या नोंदीत पडलेली घरे मोजली आहेत. मात्र जी पडली नाहीत, पण ज्यांत पाणी शिरून गेले, अशा घरांची संख्या पडलेल्यांच्या कितीतरी पट असली पाहिजे, आणि त्यांच्याविषयी नोंद काहीच सांगत नाही.

त्या घरांत काय घडले असेल हे समजण्यासाठी घराची रचना पाहणे आवश्यक आहे. मराठी मुलखात गावाच्या जमिनीचे दोन भाग मानले जातात : पिकांची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी किंवा पांढर. शतकानुशतके पडलेल्या मातीच्या भिंती, चुलीची राख, शेण व कचरा यांचे थर साचून वस्तीची जागा उंच व फिकट रंगाची होत जाते, आणि पुढची घरे याच मातीतून उभी राहतात. गिरणाकाठचे बहाळ आणि तापी-गोमाई संगमावरचे प्रकाशे येथे १९५० च्या दशकात झालेल्या उत्खननांनी दाखवून दिले की अशा टेकाडांवरील वस्ती ताम्रपाषाण युगापर्यंत, म्हणजे दगडी हत्यारांबरोबर तांबे वापरात आले त्या काळापर्यंत, मागे जाते. नदीकाठी पुन्हा पुन्हा त्याच जागी घर बांधण्यामागे पाण्याची सोय हे कारण होतेच, पण प्रत्येक पिढीगणिक जमीन थोडी उंच होत जाणे हाही त्यातला मोठा लाभ होता. पांढरीवरचे घर कोरडे राहते, याचे कारण त्याच्याखाली जुनी घरे गाडलेली असतात.

भिंती पांढऱ्या मातीच्या किंवा कच्च्या विटांच्या, आणि वर धाबे, म्हणजे सपाट मातीचे छप्पर, ही सपाटीवरच्या खानदेशी घराची सर्वसाधारण रूपरेषा होती. लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर किलचा म्हणजे फोडलेल्या लाकडाच्या पट्ट्या दाटीने अंथरून त्यांवर पाला व काटक्या, त्यावर तुडवलेल्या चिखलाचा जाड थर आणि सर्वांत वर खारी माती अशी धाब्याची उतरंड असे. खारी ही क्षारयुक्त माती. पाणी पडताच तिचे बारीक कण पसरून भेगा बुजवतात आणि क्षारांमुळे तिच्यावर गवत सहसा धरत नाही, म्हणून मृगाच्या आधी दर वर्षी धाब्यावर नवी खारी टाकणे हे पेरणीइतकेच महत्त्वाचे काम मानले जाई. ज्या घराला त्या वर्षी खारी पडली नाही त्याच्या छपरातून पाणी पाझरे, किलचा कुजत आणि वाळवीला वरून वाट मिळे. खांब थेट जमिनीत न पुरता तळखड्यावर, म्हणजे घडीव दगडी बैठकीवर, उभे करण्याची पद्धतही याच अनुभवाचे फळ होय. लाकूड आणि ओली जमीन यांत दगडाचे अंतर ठेवले की वाळवीला मातीची नळी बांधत उघड्यावरून चढावे लागते, आणि ती नळी घरातल्या बाईच्या नजरेला पडून झाडूच्या एका फटक्याने मोडता येते.

लाकडाच्या निवडीतही असाच विचार दिसतो. सागाबरोबरच खानदेशात अंजन या झाडाला मोठा मान होता. सातपुड्याच्या पायथ्याशी व खडकाळ माळांवर वाढणारे हे झाड अतिशय जड, काळसर-तांबड्या गाभ्याचे असून त्या गाभ्याला वाळवी सहजी लागत नाही. त्यामुळे ज्याला परवडे तो खांब-तुळयांना अंजन किंवा साग वापरी आणि गरीब माणूस बाभूळ, निंब व हाताला लागेल ते लाकूड. पुरानंतर कोणाचे घर टिकले आणि कोणाचे वर्षाच्या आत खचले, याचा संबंध नदीच्या अंतराइतकाच या निवडीशी, म्हणजे पर्यायाने ऐपतीशी होता. इंग्रजी अमदानीत जंगले राखीव झाल्यावर इमारती लाकूड गावकऱ्याला पूर्वीसारखे सहज मिळेनासे झाले, आणि हलक्या लाकडाची घरे वाढली. या बदलाचा किडीशी असलेला संबंध वनखात्याच्या इतिहासात कोणी मांडलेला दिसत नाही, तो मांडला जायला हवा.

मातीची भिंत पुराच्या पाण्यात उभी असताना पडते त्यापेक्षा पाणी ओसरल्यानंतर अधिक पडते. पाण्यात भिजलेला पायथा वरचा भार कसाबसा पेलत असतो आणि बाहेरच्या पाण्याचा दाबही त्याला थोडा आधार देतो. पाणी उतरले, ऊन पडले की भिंतीची बाहेरची बाजू लवकर आकसते, आतली ओली राहते, आणि उभ्या भेगा पडून भिंत चार-आठ दिवसांनी कोसळते. जी कोसळत नाही तिच्यात ओल खालून वर चढत राहते, सुकताना क्षार पृष्ठभागावर येऊन लोणा धरतो, आणि लोणा लागलेली माती हाताने खरवडली तरी झडते. अशी भुसभुशीत झालेली भिंत घुशीला फार सोयीची. घूस हा मोठ्या चणीचा उंदीर असून तो भिंतीच्या पायथ्याशी व जोत्याखाली लांब बिळे करतो. शेतातल्या बिळांत पाणी शिरताच उंदीर व घुशी उंच जागा शोधतात, आणि भोवतालच्या शिवारात सर्वांत उंच जागा म्हणजे गावाची पांढरच असते. माणूस ज्या कारणाने टेकाडावर राहायला गेला त्याच कारणाने उंदीरही तेथे आला. पुढच्या पावसात याच बिळांवाटे पाणी भिंतीच्या पोटात शिरते, म्हणून एका पुराचे नुकसान दुसऱ्या वर्षीच्या साध्या पावसात प्रकट होते आणि तेव्हा त्याला पूर हे नाव कोणी देत नाही.

वाळवी, जिला उधई असेही म्हणतात, ती पुराने मरत नाही. वारुळाचा वरचा भाग बुडाला तरी खोलवरचे घर पुष्कळदा टिकते. उलट ओल आणि बुरशी यांनी मऊ पडलेले लाकूड तिला अधिक सुसाध्य होते. चौकटी, दारांच्या फळ्या, नांगर-वखराची लाकडे, कडबा, आणि ज्या घरांत होती तेथे पोथ्या व जमिनीचे कागद हे तिचे भक्ष्य. पोथ्यांचा उल्लेख येथे सहज केलेला नाही. धुळ्यात शंकर श्रीकृष्ण देव यांनी समर्थ संप्रदायाची हस्तलिखिते जमवली आणि वि. का. राजवाडे यांनी आपल्या आयुष्याची अखेर याच शहरात काढून गावोगावच्या कागदपत्रांचा संग्रह मागे ठेवला. असे संग्राहक जे कागद वाचवू पाहत होते त्यांचे दोन जुने शत्रू ओल आणि कसर-वाळवी हेच होते. खानदेशाच्या पुरांविषयी देशी कागद इतके कमी का मिळतात, याचे एक कारण कदाचित पुरांच्या परिणामांतच शोधावे लागेल.

धान्याची कथा याहून गुंतागुंतीची आहे, आणि कुटुंबाच्या दृष्टीने अधिक निकडीची. ज्वारी व बाजरी ही येथील मुख्य अन्नधान्ये. ती साठवण्यासाठी बांबूच्या कामट्यांची किंवा तुरीच्या काड्यांची विणून आतून-बाहेरून शेणामातीने लिंपलेली कणगी, मातीची कोठी, भिंतीतच बांधून काढलेले बळद आणि मोठ्या घरांत पेव, म्हणजे कोरड्या उंच जमिनीत खणून कडब्याचे अस्तर दिलेला व तोंड मातीने बंद केलेला खड्डा, अशी साधने होती. पेवात हवा खेळत नसल्याने कीड गुदमरून मरते, हा त्याचा मोठा गुण; पण जमिनीतली पाण्याची पातळी चढली किंवा तोंडातून पाणी झिरपले की तळचे व कडेचे धान्य आंबून काळे पडे, आणि अशा पेवात हवा खेळू न देता घाईने उतरणारा माणूस आतल्या दूषित वायूने दगावण्याची भीती असे. कणगी दगडांवर किंवा लाकडी पाटांवर उभी असल्यामुळे गुडघाभर पाण्यात तिचा खालचा थरच भिजे, परंतु ती ओल दाण्यादाण्याने वर सरकत जाई.

येथे किडीचे गणित लक्षात घेतले पाहिजे. सोंडकिडा, ज्याला बोलीत सोंडा किंवा टोका म्हणतात, दाण्याला भोक पाडून आत अंडे घालतो आणि त्याची अळी दाण्याच्या पोटातच वाढते, त्यामुळे वरून धान्य स्वच्छ दिसत असतानाच ते पोकळ होत असते. उन्हाळ्यात कडकडीत वाळलेल्या, म्हणजे ओलाव्याचे प्रमाण दहा टक्क्यांच्या खाली असलेल्या दाण्यात या किड्याची वाढ जवळजवळ होत नाही. तेरा-चौदा टक्के ओलावा आणि पावसाळी ऊब मिळाली की साधारण महिनाभरात त्याची एक पिढी पुरी होते. भाद्रपदात पाणी शिरलेल्या घरात भिजलेले धान्य लोक टाकून देत किंवा गुरांना घालीत, पण नुसते सर्दावलेले धान्य ठेवून घेत, आणि आश्विन-कार्तिकात त्यातून किडे चालू लागत. खपरा ही आणखी एक कीड याच्या उलट स्वभावाची आहे : तिला उष्ण व कोरडी हवा मानवते आणि तिची केसाळ अळी भिंतीच्या व कणगीच्या भेगांत अन्नाविना फार दीर्घकाळ दडून राहू शकते. खानदेशाच्या हवामानात पावसाळ्यात सोंडकिडा आणि उन्हाळ्यात खपरा अशी पाळी लागते, आणि पुराने भिंतींना व लिंपणाला पाडलेल्या भेगा खपऱ्याला घर देतात.

भाद्रपदातल्या पुराची वेळही वाईट असते. त्या सुमारास घरातला साठा गेल्या हंगामाचा, म्हणजे तळाला आलेला असतो. बाजरी शेतात उभी असते. आणि महिन्याभराने पेरायच्या रब्बीचे, म्हणजे ज्वारी, गहू, हरभऱ्याचे बियाणे घरात जपून ठेवलेले असते. म्हणून पुरानंतर कुटुंबापुढे एकाच वेळी तीन प्रश्न उभे राहत : उरलेले खाण्याचे धान्य वाचवणे, बियाण्याची उगवणशक्ती राखणे, आणि नव्याने येणारी बाजरी कीड लागलेल्या ओल्या घरात न भरणे. बियाण्याला अग्रक्रम मिळे, कारण किडक्या दाण्याची भाकरी होते पण किडका दाणा उगवेलच असे नाही. निवडक कणसे चुलीवरच्या कड्यांना टांगून धुरात ठेवण्याची जुनी रीत येथे फार उपयोगी पडे. पुराच्या पाण्यापासून उंच आणि धुरामुळे कोरडी अशी घरातली ती एकच जागा असे. बाकीच्या धान्यात राख मिसळणे, कडुनिंबाचा पाला थरांथरांत घालणे, डाळींना व कडधान्यांना एरंडेल चोळणे हे उपाय सर्वश्रुत आहेत. राखेचे बारीक कण किड्याच्या कवचावरचा मेणचट थर खरवडतात व किडा शुष्क होऊन मरतो, आणि तेलाच्या लेपामुळे अंडी नीट रुजत नाहीत, असे आधुनिक कीटकशास्त्र या उपायांविषयी सांगते. कडुनिंबाच्या वाळल्या पाल्याचा परिणाम मात्र लोकश्रद्धेइतका प्रबळ नाही. हे सारे काम स्त्रियांचे होते. वाळवणे, पाखडणे, चाळणे, निवडणे, लिंपणे आणि सारवणे यांत पुरानंतरचे दोन-तीन महिने जात, आणि त्या श्रमांची किंमत १८७२ च्या सोळा लाखांत किंवा नंतरच्या कोणत्याही आकड्यात धरलेली नाही. सारवणाला शेण लागते, आणि ज्या पुरात गुरे वाहून गेली त्यानंतर शेणही दुर्मिळ होते. ही साधी अडचण, ज्याने कधी जमीन सारवली नाही त्या अधिकाऱ्यांच्या वर्गाला दिसणे कठीणच होते.

साप, विंचू व गोमी यांचा उपद्रव पुरानंतर वाढतो तो त्यांच्याही आश्रयस्थानांत पाणी शिरल्यामुळे आणि उंदरांच्या मागावर सर्प घरात आल्यामुळे. नागपंचमीला जमीन खणू नये, नांगरू नये हा संकेत पावसाळ्याच्या ऐन मध्यावर येतो, आणि तो पाळणाऱ्यांच्या मनात त्याचा अर्थ धार्मिक असला तरी बिळे बुजवण्या-उकरण्याचे काम त्या दिवसांत किती धोक्याचे असते याची जाण त्यामागे असणे संभवनीय आहे.

उंदरांच्या बाबतीत एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पूर किंवा अवर्षण यांनी उंदरांची संख्या प्रथम घटते, परंतु त्यांना खाणारे प्राणीही कमी झालेले असतात, आणि पुढे चारा-धान्य विपुल झाले की उंदीर झपाट्याने वाढतात. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळानंतर पाऊस आला आणि १८७८-७९ मध्ये दख्खनच्या पुणे, अहमदनगर, सोलापूर या भागांत उंदरांनी उभी पिके फस्त केली. सरकारला मारलेल्या उंदरांमागे इनाम जाहीर करावे लागले. शेतातल्या उंदरांची बिळे उकरून त्यांत साठवलेली कणसे काढणे हा भूमिहीन व गरीब कुटुंबांचा टंचाईच्या काळातला एक आधार होता, याची आठवण ठेवली म्हणजे उंदीर हा सर्वांना सारखाच शत्रू नव्हता हेही कळते.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत ती इलाख्याच्या जिल्ह्याजिल्ह्यांत पसरली. खानदेशही त्यातून सुटला नाही. ही साथ पुराने आणलेली नव्हती, पण मातीच्या घरातला उंदीर आणि सरकार यांची खरी गाठ तिच्यामुळे पडली. घरात उंदीर मरून पडू लागले की घर सोडायचे, हे गावकरी अनुभवाने शिकले होते, आणि शेतात झोपड्या घालून राहणे ही सर्वमान्य रीत बनली. अधिकारी मात्र प्रारंभी घाण, कोंदट हवा व अंधार यांनाच दोष देत, म्हणून घरे धुऊन काढणे, जंतुनाशक फवारणे आणि छपरे उघडून ऊन आत घेणे यांवर भर होता. उंदराच्या पिसवांमार्फत रोग पसरतो हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये मांडले, तरी १९०५ नंतरच्या प्लेग संशोधन आयोगाच्या प्रयोगांनंतरच ते सर्वमान्य झाले. ज्या खानदेशी घराचे सगळे संरक्षण अखंड धाब्यावर अवलंबून, त्याचे धाबे उघडणे म्हणजे पुढच्या पावसाळ्याला आमंत्रण देणे होते. लोकांच्या विरोधाचे हे व्यावहारिक कारण प्लेगच्या इतिहासात सोवळे-ओवळे व पडदा यांच्या चर्चेखाली झाकले गेले आहे.

घराच्या दुरुस्तीला सणांचे वेळापत्रक होते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात कानबाई बसते. त्यापूर्वी घर झाडून, भिंती पोतारून, भांडी घासून सिद्ध केली जाते, आणि भाऊबंद एकत्र येऊन रोटांचे जेवण करतात. पावसाळ्याच्या मध्यावर भाऊबंदांच्या सगळ्या घरांची अशी एकदम तपासणी झाल्याने गळती, बिळे व वाळवीच्या नळ्या वेळीच ध्यानात येत. दुसरी सफाई घटस्थापना-दसऱ्याच्या आधी, म्हणजे पाऊस सरताना आणि नवे धान्य येण्यापूर्वी. आणि तिसरी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास, जेव्हा धान्याला ऊन दाखवून कणग्या लिंपल्या जात व पाठोपाठ धाब्यावर खारी चढे. या सणांचा उगम किडीत आहे असे म्हणणे अतिरेकाचे होईल; परंतु सण जेथे होते तेथेच ही कामे येऊन बसली, आणि देवीच्या निमित्ताने ती चुकवता येत नसत.

राज्यसंस्थेने पुरानंतरच्या काळाकडे पाहिले ते जमीन व कर्ज या दोन अंगांनी. मुंबई जमीन महसूल संहिता, १८७९ हिने नदीने वाहून नेलेल्या आणि नव्याने घातलेल्या जमिनीचे, ज्या दुसऱ्या प्रकारच्या जमिनीला मळई म्हणतात, हक्क व सारा यांचे नियम केले. १८८३ व १८८४ च्या कायद्यांनी तगाई, म्हणजे सरकारी शेतकर्ज, जमीनसुधारणा तसेच बियाणे, बैल व आपत्तिनिवारण यांसाठी देण्याची सोय केली. नदीने खाल्लेल्या गुंठ्याची नोंद होई, मेलेल्या बैलासाठी कर्ज मिळे. पोकळ झालेल्या ज्वारीसाठी व उंदरांनी पोखरलेल्या भिंतीसाठी रकाना नव्हता, आणि तो गेल्या शतकभरात फारसा निर्माणही झाला नाही. आजच्या पंचनाम्यात, म्हणजे गावपातळीवरच्या सरकारी कर्मचाऱ्यांनी पंचांसमक्ष केलेल्या नुकसानीच्या नोंदीत, घराची पडझड अंशतः की पूर्णतः हे लिहिले जाते. कपडे व भांड्यांच्या मदतीसाठी घर दोन दिवसांपेक्षा अधिक काळ पाण्यात असावे अशी अट नियमांत असून शासनाने ती प्रसंगी शिथिल केली आहे. आपत्तींच्या अधिकृत यादीत किडीच्या हल्ल्याचा समावेश आहे, पण त्याचा विचार उभ्या पिकाच्या संदर्भातच होतो. चार तास पाण्यात राहिलेली कणगी महिन्याभराने निकामी होते, आणि तोवर पंचनाम्याची मुदत उलटलेली असते.

स्वातंत्र्यानंतर दोन मोठे बदल झाले. १९५३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रमात घरोघरच्या भिंतींवर डीडीटी फवारण्यात आले, आणि हिवताप पहिल्या काही वर्षांत लक्षणीय घटला. मातीची भिंत मात्र हे औषध शोषून घेते आणि सारवण-पोताऱ्याने ते झाकले जाते, त्यामुळे सणाला घर सारवणारी गृहिणी आणि फवारणी करणारा कर्मचारी यांची कामे परस्परविरोधी ठरली. ढेकणांमध्ये तर या औषधाला दाद न देण्याची शक्ती लवकरच आली. दुसरा बदल धरणांचा. गिरणा धरण १९६९ मध्ये आणि तापीवरील हतनूर १९८० च्या दशकात कार्यान्वित झाल्याने मध्यम पुरांचा जोर कमी झाला, आणि त्या भरवशावर नदीपात्रालगतची सखल जमीन वस्तीखाली आली. पांढर सोडून खाली उतरलेल्या या वस्त्यांनाच पुढच्या मोठ्या पुरांनी गाठले. ३०-३१ ऑगस्ट २०२१ रोजी अजिंठ्याच्या डोंगररांगेत अतिवृष्टी होऊन तितूर व डोंगरी या नद्यांचे पाणी चाळीसगाव शहरात आणि भोवतीच्या गावांत शिरले, कन्नड घाटात दरडी कोसळल्या आणि शेकडो जनावरे दगावली.

घरेही आता बदलली आहेत. धाब्यांच्या जागी पत्रे व सिमेंटचे स्लॅब आले, कणगीच्या जागी पत्र्याची कोठी व प्लास्टिकची पोती आली, आणि कापूस भाव येईपर्यंत राहत्या खोलीतच रचून ठेवला जाऊ लागला. पत्र्याच्या कोठीत उंदीर शिरत नाही, हा खरा लाभ आहे. पण सर्दावलेले धान्य तिच्यात बंद केले तर रात्री गार पडलेल्या पत्र्यावर आतून दव धरून ते आणखी बिघडते. सिमेंटच्या भिंतीत घूस बीळ करीत नसली तरी पाणी शिरलेल्या जोत्याखालची भर ती पोखरते, आणि लाद्या खचेपर्यंत ते कळत नाही. चूल जाऊन गॅस आल्याने कड्यांवरचा धूर संपला व बियाण्याची ती कोरडी जागाही संपली. बियाणे दुकानातून येऊ लागल्यामुळे ही हानी कपाशी-मक्याच्या शेतकऱ्याला जाणवत नाही, मात्र घरचा हरभरा व दादर ज्वारी पेरणाऱ्याला ती जाणवते. कृषी विद्यापीठे धान्य दहा-बारा टक्के ओलाव्यापर्यंत वाळवून साठवण्याचा सल्ला देतात. तो योग्यच आहे, परंतु भाद्रपदात त्यासाठी लागणारे सलग चार दिवसांचे ऊन मिळत नाही, आणि मग खेड्यांत अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळीचा आधार घेतला जातो. हवेतल्या ओलाव्याशी संयोग होऊन या गोळीतून अत्यंत विषारी फॉस्फीन वायू निघतो, आणि हवा जितकी दमट तितका तो लवकर सुटतो. या कारणाने तिची विक्री व वापर कायद्याने प्रशिक्षित व परवानाधारक व्यक्तींपुरता मर्यादित केलेला आहे, तर पुरानंतरच्या घरात धान्याची कोठी आणि झोपण्याची जागा पुष्कळदा एकाच खोलीत असतात.